गल्ला पाहून घरी जावं की घड्याळ पाहून?

स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याला मस्टर नसतं. किती वाजता निघायचं आणि किती वाजता थांबायचं, हे सांगणारा साहेब त्याच्या डोक्यावर नसतो. तरी रोज कधीतरी तो किल्ली काढून घरी जातोच. ती वेळ कशावर ठरते, यावर अर्थशास्त्रज्ञ १९९७ पासून वाद घालत आहेत, तेही न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांच्या नोंदी समोर ठेवून. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात, धनजसारख्या गावच्या स्टँडवर हाच वाद कागदाशिवाय चालतो. काळीपिवळी, म्हणजे गावोगाव सवारी नेणारी टॅक्सी, चालवून केस पिकलेले लोक एक सांगतात. पुण्याला ॲपवर गाडी चालवून गावी परतलेली मुलं दुसरं सांगतात.

हे बोलणं मी इथं मामा आणि भाचा अशा दोन तोंडी दिलं आहे. ही कोणी ठरावीक दोन माणसं नव्हेत. या भागात जे बोललं जातं, ते एकत्र केलं आहे, आणि मला जिथं मध्ये बोलावंसं वाटलं तिथं मी बोललो आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. इथल्या गाडीचा धंदा शेताच्या मागे चालतो. सोयाबीन निघून कारंजाच्या बाजार समितीत गेलं की गावात पैसा येतो आणि माणसं घराबाहेर पडतात. मग लगीनसराई येते. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे गुरुद्वादशीला आणि दत्तजयंतीला गुरुमंदिराकडे गर्दी जाते. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा असते. आषाढ-श्रावणात निंदण-खुरपणीच्या दिवसांत मात्र गाडी तासन् तास उभी राहते. आजची कमाई आणि उद्याची कमाई यांत इतका फरक पडणारे धंदे फार नाहीत.

भाचा : मामा, काल बाजाराचा दिवस होता. स्टँडवर सवारी मावत नव्हती आणि तुम्ही दोन वाजताच गाडी घरी नेऊन लावली. आज माणूस दिसत नाही, तर तुम्ही रात्री आठपर्यंत नंबर लावून बसणार. हे उलटं नाही झालं का?

मामा : उलटं कायले? काल गल्ला झालता, गेलो. आज नाई झाला, म्हून बसलो.

भाचा : तेच तर म्हणतो. समजा तुमचा रोजचा आकडा हजाराचा आहे. चांगल्या दिवशी तासाला दोनशे सुटतात, म्हणजे पाच तासांत काम झालं. मंद्या दिवशी शंभरच सुटतात, मग दहा तास बसावं लागतं. दोन दिवसांत पंधरा तास आणि दोन हजार रुपये. आता हेच पंधरा तास दोन्ही दिवशी सारखे वाटा, साडेसात आणि साडेसात. पंधराशे अधिक साडेसातशे, बावीसशे पन्नास झाले. आणि चांगल्या दिवशी दहा तास चालवून मंद्या दिवशी पाच तासांतच घरी गेलात, तर अडीच हजार. तास तेवढेच, डोळ्यांवर ताण तेवढाच, पाचशे रुपये जास्त.

मामा : हिशोब बरोबर हाये बाप्पा. पन तुह्या हिशोबात बाजार दिवसभर भरलेला राह्यते. आमच्या इथं तो दोन-तीन वाजता मोडते. सकाळचा तास दोनशेचा, तं चार वाजताचा पन्नासचा. मी दोन वाजता घरी गेलो तं कोनते दोनशे सोडले?

भाच्याचा हिशेब नवा नाही. कॉलिन कॅमेरर, लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेन्स्टीन आणि रिचर्ड थेलर या चौघांनी १९९७ साली न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांच्या नोंदी तपासून नेमकं हेच मांडलं. तिथले पुष्कळ चालक गाडी बारा तासांच्या शिफ्टसाठी भाड्यानं घ्यायचे आणि हातात आकडा आला की परत करायचे. ज्या दिवशी तासाला जास्त मिळायचं, त्या दिवशी ते कमी तास चालवताना दिसले. रोज ठरावीक तास चालवले असते तर तेवढ्याच कष्टात कमाई सुमारे पाच टक्क्यांनी वाढली असती, असा त्यांचा अंदाज होता. माणूस महिन्याचा विचार न करता एकेका दिवसाचा वेगळा डबा करून जगतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. थेलर यांना २०१७ साली नोबेल मिळालं, आणि टॅक्सीवाल्यांची ही गोष्ट जगभर पोचली.

पण मामांचं उत्तरही अभ्यासकांनी दिलेलं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे हेन्री फार्बर यांनी २००५ साली दाखवलं की चालक थांबतो तो मुख्यतः किती तास झाले यावर, किती पैसे जमले यावर नव्हे. एकाच दिवसात तासागणिक कमाई बदलते, म्हणून 'आजचा दिवस चांगला' असं सकाळीच ठरवता येत नाही. पुढे २००९ ते २०१३ या पाच वर्षांतल्या मीटरच्या नोंदी हाती आल्यावर त्यांनी २०१५ मध्ये पुन्हा मोजलं. बहुतेक चालक पैसा असेल तेव्हा जास्त चालवतात, असंच निघालं. ज्या नव्या चालकांना हे जमत नाही, ते धंदा सोडून जाण्याची शक्यता जास्त असते, हेही दिसलं. पावसात टॅक्सी का मिळत नाही, याचं उत्तरही त्यांनी तपासलं. आकडा लवकर भरतो म्हणून टॅक्सी गायब होतात, हा समज टिकला नाही. पावसात रस्ते तुंबतात, तासाची कमाई वाढत नाही, आणि तशा रस्त्यावर गाडी चालवणं नकोसं होतं, म्हणून गाड्या कमी होतात. धनजच्या परिसरात कुणालाही हे पटेल. काळ्या मातीतल्या पोचरस्त्यावर पावसात चाक रुतलं की त्या दिवसाची कमाई तिथंच संपते.

भाचा : बरं, बाजार मोडतो हे मान्य. पण लग्नाच्या तिथीला? यात्रेला? तेव्हा तर रात्रीपर्यंत सवारी असते. तेव्हाही तुम्ही घरी जाता.

मामा : जातो. कारन मांगं नंबरात सात गाड्या उभ्या राह्यतात. माह्या पोटापुरतं झालं, आता मांगच्याचं होऊ दे. उद्या मी मांगं असलो तं तोही माह्यासाठी सरकन. स्टँडवर आमचं असंच चालत आलं.

भाचा : आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायांचं काय? सातही गाड्यांचा गल्ला भरला की सातही जण घरी. त्या बाईला गावात पोचायला अंधार होतो. तुमच्या नंबरात तिचा नंबर कुठं आहे?

मामा : (थोडं थांबून) हे तू खरं बोलला. तिचा नंबर नाई लागत.

न्यूयॉर्कच्या अभ्यासात हा नंबर येत नाही, कारण तिथला टॅक्सीवाला एकटा हिंडतो. आपल्याकडच्या स्टँडवर एकाचं थांबणं म्हणजे दुसऱ्याची खेप. धंदा कमी आणि गाड्या जास्त असलेल्या ठिकाणी 'पुरे' म्हणण्याला जो मान आहे, तो मला रास्त वाटतो. पण भाच्यानं विचारलेला प्रश्नही मागे ठेवता येत नाही. चालकाची वेळ जो ठरवतो, तो सवारीचीही वेळ ठरवतो. शेवटची गाडी किती वाजता, हे स्टँडनं मिळून ठरवावं आणि आळीपाळीनं एकानं थांबावं, एवढं तरी करता येण्यासारखं आहे.

भाचा : पण मामा, रोजचाच आकडा का? हप्ता महिन्याचा असतो, विमा वर्षाचा, पासिंगही रोज नसते. मग हिशेब महिन्याचा का नको?

मामा : कारन संध्याकाळी पिग्मीवाला येते. महिन्याच्या शेवटी एकदम पैसे काढायचे म्हटलं तं कोनाच्या घरात राह्यतात? आज हातात चार पैसे जास्त दिसले की कोनी उसने मांगते, कोनी दवाखाना काढते, पोट्टे मोबाइल मांगतात. रोजचं रोज बांधून ठेवलं तं हप्ता निघते. तू म्हंतो तसा बाजाराच्या दिवशी जास्त कमावला अन् मंद्या दिवशी घरी बसलो, तं कमावलेला पैसा मंद्या दिवशीच उडते.

हे ऐकल्यावर 'दिवसाचा डबा' ही चूक आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली ती हीच गरज ओळखून, की रोज मिळवणाऱ्यानं रोजच बाजूला काढलं तरच साठतं. आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पतसंस्था त्याच पद्धतीवर चालतात. ज्याच्याकडे पगाराची तारीख नाही, त्याला स्वतःलाच एक तारीख तयार करावी लागते, आणि ती रोजची असते.

पश्चिम केनियात सायकलवरून सवारी नेणाऱ्या बोडा-बोडा चालकांचा एक अभ्यास याच्याशी जुळतो. पास्कलिन दुपास, जोनाथन रॉबिन्सन आणि सांतियागो साव्हेद्रा यांनी या चालकांना रोजच्या नोंदी ठेवायला लावल्या. आज घरी किती पैसे लागणार आहेत, हे चालक सकाळी सांगत, आणि तेवढे जमले की थांबण्याकडे त्यांचा कल दिसे. मग अभ्यासकांनी काहींना चिठ्ठी टाकून वरची रक्कम दिली. आकडा हीच खरी अट असती तर हे लोक लवकर घरी गेले असते. ते गेले नाहीत. नेहमीइतकंच काम करत राहिले. म्हणजे आकडा पैशाच्या गरजेपेक्षा कष्ट करत राहण्यासाठी मनाला लावलेला लगाम जास्त आहे. मामांच्या बोलण्यातही तेच येतं. त्यांना रोज एवढं कमवायचं आहे, कारण तसं ठरवलं नाही तर दुपारच्या उन्हात गाडीत बसून राहणं जमणार नाही.

भाचा : आकडा कायमचा तोच राहतो का पण? एसटीचा संप होता तेव्हा तुम्ही रात्री दहापर्यंत गाडी चालवायचात. आई सांगायची.

मामा : ते दिवस येगळे होते. दिवाळीच्या तोंडावर एसटी बंद झाली, ते उन्हाळ्यापर्यंत नीट सुरू नाई झाली. स्टँडवर गाडी लावायचं कामच नोतं, लोकच घरी बोलवायले यायचे. पयले आठ दिवस मी बी गल्ला झाला की घरी जायचो. मंग दिसलं, की हे उद्याही राहनार हाये. मंग आकडाच वाढला.

भाचा : आणि संप मिटल्यावर?

मामा : मिटल्यावर आकडा खाली येईना! खर्च वाढून बसले होते. गाडी बदलली, नवा हप्ता लागला. अन् मंग एसटीत बायाईले अर्धं तिकीट झालं. माह्या गाडीत बाजाराच्या दिवशी बायाच जास्त राह्यत. त्या एसटीले गेल्या, चांगलंच झालं त्याईचं, मी कोनाले नावं नाई ठेवत. पन माहा आकडा तोच, अन् सवारी अर्धी. मंग तास वाढले. सकाळी सहाले निघून रात्री दहाले घरी.

हे मला या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटापासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. त्या काळात खासगी गाड्यांना जी कमाई झाली, तिच्यावर अनेकांनी पुढची कर्जं बेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीत मोफत प्रवास मिळाला, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या तिकिटात. या सवलती गावातल्या म्हाताऱ्यांसाठी आणि बायांसाठी फार मोलाच्या आहेत, त्या मागे घ्याव्यात असं कुणीही म्हणू नये. पण काळीपिवळीच्या नेहमीच्या सवाऱ्या नेमक्या त्याच होत्या. चांगल्या दिवसांत आकडा चटकन वर चढतो. वाईट दिवसांत तो खाली यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मधल्या काळातली तूट तासांनी भरून काढली जाते.

अभ्यासकांचा सगळा भर चांगल्या दिवशी लवकर घरी जाण्यावर आहे, कारण तिथं पैसे बुडताना दिसतात. माझ्या मते खरा धोका मंद्या दिवशी उशिरापर्यंत थांबण्यात आहे. चांगल्या दिवशी लवकर गेलेल्या माणसाचे फार तर चारशे-पाचशे रुपये जातात. मंद्या दिवशी बारा-चौदा तास बसलेला माणूस मात्र रात्री नऊ वाजता आलेलं 'स्पेशल' नाकारत नाही, कारण गल्ला अपुरा असतो. बाळंतीण घेऊन अमरावतीला जायचं असतं, किंवा कुणाला समृद्धी महामार्गावरून नागपूरला सोडायचं असतं. दिवसभर झोप दाबून बसलेला माणूस त्या सरळसोट रस्त्यावर मध्यरात्री परत येत असतो. त्याच्या शेजारी कुणी नसतं.

भाचा : पुण्यात माझंही तेच झालं. फरक एवढाच, की आकडा मी ठरवलेला नव्हता, फोननं ठरवलेला होता. इतक्या ट्रिपा पूर्ण केल्या तर एवढा बोनस. दोन ट्रिपा राहिल्या की झोप उडायची. लॉगआउट करायला बोट टेकवावं, तर समोर लिहून यायचं, अजून थोडंच राहिलं.

मामा : मंग मालक तो झाला, तू कायचा मालक?

भाचा : म्हणून तर परत आलो.

ही नुसती भाच्याची कल्पना नाही. अमेरिकेत उबर अशाच सूचना चालकांना दाखवत असल्याचं २०१७ साली न्यूयॉर्क टाइम्सनं उजेडात आणलं. चालक थांबायला निघाला की अमुक आकड्याला आता एवढेच डॉलर कमी आहेत, असं त्याच्या पडद्यावर येई. जो स्वभाव १९९७ साली विद्वानांनी कागदावर मांडला होता, त्याचाच वापर करून माणसाला रस्त्यावर धरून ठेवलं गेलं. मार्च २०१८ मध्ये मुंबई-पुण्यातल्या ओला-उबरच्या चालकांनी संप केला. प्रोत्साहन रकमा देऊन गाड्या घ्यायला लावलं, आणि गाड्यांचे हप्ते सुरू झाल्यावर कमाई उतरली, ही त्यांची तक्रार होती. एसटीच्या संपानंतर स्टँडवर जे झालं, त्यापेक्षा ती वेगळी नाही.

भाचा : मग मामा, करायचं काय? तुम्ही आकडा सोडणार नाही.

मामा : नाई सोडनार. पन रात्रीचं बंद करतो. दहा तास झाले की गाडी घरी, गल्ला भरो न भरो. बाजाराच्या दिवशी तू म्हंतो तसा संध्याकाळच्या खेपेपर्यंत थांबतो, बायाईची सोय होईन. तू काय करशीन?

भाचा : मी हिशेब आठवड्याचा धरतो. बाजार, लग्नं, मंदी, सगळं एका आठवड्यात येतं. पिग्मी मात्र रोज देतो, तुमच्यासारखी.

मामा : मंग जमते.

दोघांचं इथवर जमलं, याचा मला आनंद आहे. पण सगळा भार चालकाच्या समजुतीवर टाकून चालणार नाही. १९६१ सालच्या मोटर परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. तो पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्यांसाठी होता. स्वतःची गाडी स्वतः चालवणारा त्यात कधी आलाच नाही. त्याचे तास कायदा ठरवत नाही. ते ठरतात कर्जाच्या हप्त्यावर.

आणि हप्त्याची रचना बदलता येते. शेतकऱ्याच्या पीककर्जाची परतफेड हंगामाशी जोडलेली असते, कारण पीक निघाल्याशिवाय पैसा येत नाही हे बँकेला ठाऊक असतं. त्याच शेतकऱ्याला बाजारात नेऊन आणणाऱ्या गाडीचा हप्ता मात्र श्रावणात आणि दिवाळीत सारखाच असतो. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या भागातल्या पतसंस्थांचे संचालक या रस्त्यांवरूनच ये-जा करतात, ही माणसं त्यांच्या ओळखीची आहेत. सोयाबीन-कापसाच्या महिन्यांत मोठा आणि पावसाळ्यात लहान, असा हप्ता त्यांनी काळीपिवळीच्या कर्जाला लावून पाहावा. एखाद्या पतसंस्थेनं येत्या हंगामापासून दहा गाड्यांवर तो सुरू केला, तरी रात्री दहानंतर निव्वळ गल्ल्यासाठी रस्त्यावर असलेल्या दहा गाड्या कमी होतील.